‘तसं काही नाही’ला गुण किती? सीबॅक फॉर्मचं परीक्षण

तिशी ओलांडलेल्या माणसांची नोंद करायला आशाताई जो फॉर्म घेऊन दारात येतात, त्याचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे: कम्युनिटी बेस्ड असेसमेंट चेकलिस्ट. गावात आणि उपकेंद्रात सगळे त्याला ‘सीबॅक’ म्हणतात. मधुमेह, उच्च रक्तदाब, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची सरकारी तपासणी या कागदापासून सुरू होते. त्याला सुई लागत नाही, यंत्र लागत नाही. लागतात ते प्रश्न आणि एक मोजपट्टी. पण तपासणीला आधी कुणाला बोलवायचं हे याच कागदावरून ठरतं. म्हणून बीपीचं मशीन घेताना जितकं पारखून घेतो, तितकंच या फॉर्मलाही पारखायला हवं.

मत आधीच सांगून टाकतो. फॉर्म चांगला आहे, स्वस्त आहे आणि प्रत्येक घरात तो भरला गेलाच पाहिजे. मात्र तो छापलाय तसा वाचून दाखवला, तर ज्यांना तपासणीची गरज सर्वांत जास्त तीच माणसं कमी गुण मिळवून मागे राहतात. कारण ‘आजार’ म्हणजे काय याचा अर्थ घराघरात वेगळा आहे. पगारी सुट्टी असलेल्या माणसाला अंगदुखी हा त्रास वाटतो. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या बाईसाठी अंगदुखी हा दिवसाचाच भाग असतो. अंथरुणाला खिळलं की मग आजार. आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्दप्रयोग आहे: अंगावर काढणं. सीबॅकची खरी परीक्षा हीच, की अंगावर काढलेलं त्याला पकडता येतं का.

हा प्रश्न जुना आहे. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात आरोग्य पाहणी झाली. विधुरांपैकी ४८.५ टक्के पुरुषांनी आपण आजारी आहोत किंवा तब्येत यथातथाच आहे असं सांगितलं. विधवांमध्ये हे प्रमाण होतं अवघं २.५ टक्के. त्या काळातल्या विधवांची तब्येत विधुरांपेक्षा चांगली असण्याचं काही कारण नव्हतं. आपली तब्येत ही तक्रार करण्याजोगी गोष्ट आहे, एवढंच त्यांना कुणी कधी वाटू दिलं नव्हतं. अमर्त्य सेन यांनी हे उदाहरण वारंवार मांडलं, आणि २००२ मध्ये त्याच धर्तीवर केरळ आणि बिहारची तुलना केली. आयुर्मान जास्त असलेल्या केरळात लोक आजार जास्त सांगतात, बिहारात कमी. शिक्षण आणि दवाखाना जवळ असला की माणसाला आपल्या शरीरातलं बिघडलेलं ओळखू येतं आणि ते सांगावंसंही वाटतं. एकाच तालुक्यात, एकाच गावातल्या दोन वस्त्यांतही हेच घडतं.

आता प्रत्यक्ष फॉर्मकडे वळू. पहिला भाग, म्हणजे ‘अ’ भाग, गुणांचा आहे. वय ३० ते ३९ असेल तर १ गुण, ४० ते ४९ ला २, ५० ते ५९ ला ३, साठीच्या पुढे ४. तंबाखू पूर्वी खात असाल किंवा आता अधूनमधून खात असाल तर १, रोज असेल तर २. रोज दारू असेल तर १. कंबरेचा घेर बायकांमध्ये ८० सेंमीपर्यंत शून्य, ८१ ते ९० ला १, त्यापुढे २; पुरुषांमध्ये ९० पर्यंत शून्य, ९१ ते १०० ला १, त्यापुढे २. आठवड्याला १५० मिनिटांपेक्षा कमी शारीरिक हालचाल असेल तर १. आईवडील किंवा भावंडांत कुणाला बीपी, शुगर किंवा हृदयविकार असेल तर २. बेरीज ४ च्या वर गेली की त्या माणसाला तपासणीच्या दिवशी आधी बोलवायचं.

यातला घेराचा रकाना सगळ्यांत भरवशाचा, कारण मोजपट्टीला समोरच्याची जात, शिक्षण, पगार काही कळत नाही. पण ती चुकीच्या जागी लावली तर तिचाही उपयोग नाही. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कडा बोटांनी चाचपायचा आणि या दोन्हींच्या मधोमध पट्टी धरायची. बेंबी हा खुणेचा दगड धरू नका. पोट सुटलेलं असेल तर बेंबी खाली उतरलेली असते. पाचवारी साडीत परकराची नाडी आणि निऱ्या नेमक्या याच जागी येतात. त्यांच्यावरून मोजलं तर घेर काही सेंटिमीटरनं फुगतो, आणि ७८ ची बाई ८१ ची होऊन जाते. नाडी सैल करून खाली सरकवायला सांगा. नऊवारीत काष्ट्याचा थर मागच्या बाजूला असतो, तिथे पट्टी वर चढते आणि तिरपी होते. मागे कुणालातरी ती सरळ धरायला सांगा. आकडा साधा श्वास सोडून झाल्यावर वाचायचा. पुरुष पट्टी दिसताच पोट आत ओढतात, त्यांना बोलतं ठेवलं की पोट आपोआप जागेवर येतं. दोनदा मोजा, आणि दोन आकड्यांत एका सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर तिसऱ्यांदा.

इथे शब्दाची एक मोठी अडचण आहे. मराठीत ‘तब्येत’ म्हणजे आरोग्यही आणि अंगकाठीही. ‘तब्येत सुधारली की!’ म्हणजे वजन वाढलं. त्यामुळे १०२ सेंमी घेर असलेल्या, पैलवानी बांध्याच्या माणसाला ‘तुमची तब्येत धोक्यात आहे’ असं म्हटलं तर त्याला ते पटत नाही. त्याच्या घरात ती तब्येत अभिमानाची असते. उलट किडकिडीत माणसाला सगळे ‘तब्येतीकडे बघ’ म्हणत असतात. म्हणून घेर सांगताना तब्येत हा शब्द टाळून ‘पोटावरची चरबी’ असं स्पष्ट म्हणावं.

तंबाखूच्या रकान्यात फॉर्म सगळ्यांत जास्त फसतो. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ग्रामीण भागातली कितीतरी बाई ‘छे, छे’ म्हणते आणि ते तिच्या लेखी अगदी खरं असतं. तव्यावर तंबाखू भाजून, काळी कुटून केलेली मिश्री तिच्या दृष्टीनं दात घासायची वस्तू असते. हिरड्यांवर बोटानं चोळलेली तीच तंबाखू रक्तात जाते आणि दिवसात तीन-चार वेळा चोळल्याशिवाय डोकं दुखायला लागतं. म्हणून प्रश्न उलटा करा: ‘मावशी, दात कशानं घासता?’ आणि त्यानंतर लगेच, ‘दिवसातून किती वेळा?’ पहिल्या प्रश्नाला मिश्री कळते, दुसऱ्याला सवय. पुरुषांना तंबाखू मळता का, बार भरता का, विडी किती, मावा-गुटखा खाता का, असं एकेक नाव घेऊन विचारावं लागतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असल्यानं त्याचं नाव काढताच माणूस गप्प होतो. ‘ही नोंद तपासणीसाठी आहे, पोलिसांसाठी नाही’ हे आधी सांगा. शहरात सिगारेटवाले ‘फक्त पार्टीत’ म्हणतात. तेही ‘अधूनमधून’च, गुण १.

दारूच्या रकान्यात दोष छापणाऱ्यांचा आहे. प्रश्न फक्त रोजच्या दारूचा. शनिवारी पगार झाला की एका बैठकीत बाटली संपवणारा शून्यावर राहतो. बेरजेत फरक पडणार नसला तरी कडेला ‘आठवड्याला एकदा, जास्त’ असं पेन्सिलीनं लिहून ठेवा. डॉक्टरांच्या ते कामी येतं.

हालचालीचा रकाना कष्टकऱ्यांवर उघड अन्याय करतो, पण चूक फॉर्मपेक्षा विचारण्याची आहे. ‘व्यायाम करता का?’ असं विचारलं की कापूस वेचणारी, विटा वाहणारी, हंडे भरणारी बाई ‘नाही’ म्हणते, आणि तिला बैठ्या कामाचा १ गुण लागतो. व्यायाम हा तिच्या मते बागेत बूट घालून करायचा प्रकार. १५० मिनिटांत कामाची हालचालही धरायची असते. तिला विचारा, ‘सकाळपासून किती वेळ पायावर असता? डोक्यावर काय वाहता?’ आणि कार्यालयात बसणाऱ्याला विचारा, ‘काल सलग अर्धा तास दम लागेल असं चाललात का?’ त्याच्या घड्याळातली पावलं स्वयंपाकघर ते दिवाणखाना अशी गोळा झालेली असू शकतात.

आणि घराण्यातल्या आजारांचा रकाना. याला २ गुण आहेत आणि इथेच वर्गाचा फरक सर्वांत खोल जातो. ज्याच्या वडिलांचं बीपी कुणी मोजलंच नाही, तो प्रामाणिकपणे ‘आमच्याकडे कुणाला नाही’ म्हणतो. ज्याच्या घरी दर सहा महिन्यांनी रक्त तपासतात, त्याला आत्या-मामांसकट सगळ्यांचे आकडे पाठ असतात. म्हणजे दवाखाना जवळ असलेल्याला २ गुण आणि दूर असलेल्याला शून्य. यावर उपाय हा की आजाराचं नाव न विचारता घडलेलं विचारायचं: ‘आईवडील, भाऊबहिणींत कुणाला रोजची गोळी चालू आहे का? कुणाच्या पायाची जखम भरतच नव्हती का? कुणाला लकवा मारला? झोपेत, छातीत दुखून अचानक कुणी गेलं?’ लकवा फॉर्मच्या यादीत शब्दशः नाही, पण त्यामागे बहुतेकदा न मोजलेलं बीपी असतं. तसं लिहून सीएचओंना, म्हणजे उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना, दाखवा.

हे सगळं बेरजेत कसं उतरतं ते एका उदाहरणावरून पाहा. पंचेचाळिशीची शेतमजूर, घेर ७४ सेंमी. छापील प्रश्न वाचले तर वयाचे २, तंबाखू ‘नाही’ शून्य, व्यायाम ‘नाही’ म्हणून १, घराणं शून्य, एकूण ३. ती यादीत मागे. तिलाच वर सांगितल्याप्रमाणे विचारलं आणि मिश्री निघाली, भावाची बीपीची गोळी निघाली, तर वयाचे २, तंबाखूचे २, घराण्याचे २, हालचालीचा शून्य, एकूण ६. ती यादीत पुढे. आता त्याच वयाचा बैठ्या नोकरीतला पुरुष, घेर ९८, वडिलांना शुगर: २, १, १ आणि २ मिळून ६. त्याचे सहा पहिल्या झटक्यात कागदावर येतात. तिचे सहा यायला दहा मिनिटं जास्त लागतात. नीट विचारून एक फॉर्म भरायला पंधरा-वीस मिनिटं जातात आणि आशाताईंना एका फॉर्ममागे मोबदला १० रुपये आहे. ही दहा मिनिटं कुठून आणायची, याचं उत्तर व्यवस्थेनं द्यायला हवं. दोष ताईंच्या माथी मारणं बरोबर नाही.

‘ब’ भागात लक्षणं आहेत. इथे बेरीज नाही. एकही ‘हो’ आलं तर वैद्यकीय अधिकारी असलेल्या जवळच्या केंद्रात लगेच पाठवायचं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीत रक्त, वजन घटणं, रात्री घाम, झटके, तोंडातली न भरणारी जखम, त्वचेवरचा बधिर चट्टा, असे प्रश्न. न दुखणारी गोष्ट आजार वाटत नाही, हे इथे कायम लक्षात ठेवावं. कुष्ठरोगाचा चट्टा खाजत नाही, दुखत नाही, म्हणून तो सांगितला जात नाही. उजेडात पाठ आणि दंड पाहावे लागतात. विडी ओढणाऱ्याला आपला खोकला ‘नेहमीचा’ वाटतो, म्हणून ‘खोकला आहे का’ याऐवजी ‘दिवाळीपासून आहे का, पोळ्यापासून आहे का’ असं सणाच्या मापानं विचारलं तर आठवडे नीट मोजता येतात. तोंड उघडायला त्रास होतो का, याला जवळजवळ सगळे ‘नाही’ म्हणतात, कारण तोंड महिन्यामहिन्यानं थोडं थोडं मिटत आलेलं असतं आणि माणूस घास लहान करत जातो. त्याला स्वतःचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये घालायला सांगा. जात नसतील तर ‘हो’. सोबत विचारा, ‘ठेचा खाताना तोंडाची आग होते का?’ गुटखा-सुपारीवाल्यांमध्ये ही आग बरीच आधी सुरू होते.

बायकांचे प्रश्न दारात, सासूसमोर किंवा मुलासमोर विचारले तर उत्तर ठरलेलं: ‘तसं काही नाही.’ चुलीपाशी, मागच्या अंगणात, पाण्याच्या वाटेवर विचारा. ‘योनीतून स्राव’ हे शब्द कुणाच्याच तोंडचे नाहीत. ‘अंगावरून पांढरं जातं का, वास येतो का’ असं विचारावं, काही भागांत ‘धुपणी’ म्हटलं की लगेच कळतं. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर गेलं का, हा प्रश्न कधीही गाळू नका. कित्येक जणींना ते पाळी ‘परत आली’ असं वाटतं. मराठवाड्यातल्या ऊसतोड बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधी विचारा: पिशवी काढलेली आहे का? फडावर एक दिवस चुकला की खाडा धरून पैसे कापतात. पाळीचा, कंबरेचा, पांढरं जाण्याचा त्रास तिथे पैशात मोजला जातो, आणि कमी वयात पिशवी काढण्याचं प्रमाण इतकं दिसलं की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अशा बाईच्या फॉर्मवर पाळीच्या प्रश्नांना सरळ ‘नाही’ आलं तर ते निरोगीपणाचं ‘नाही’ समजू नये.

‘क’ भाग धुराचा. उज्ज्वला योजनेनंतर (२०१६) ‘स्वयंपाक कशावर?’ याला ‘गॅस’ हे उत्तर प्रतिष्ठेचं झालं आहे. सिलिंडर असतो, पण भाकरी चुलीवर आणि आंघोळीचं पाणी बंबात किंवा तीन दगडांवर. ‘सिलिंडर किती महिने पुरतो?’ हा एकच प्रश्न पुरेसा आहे. पाच माणसांच्या घरात तो चार-पाच महिने पुरत असेल तर लाकूड जळतंय. कामाच्या धुरात फॉर्म वीटभट्टी, काचेचे कारखाने, कचरा जाळणं यांचा उल्लेख करतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागावरच्या माणसाला वाटतं हे आपल्यासाठी नाही. धुळीत सुताचे तंतूही आले, खडी क्रशरही आला. नाव घेऊन विचारा.

‘ड’ भागात मनाचे दोन प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद न वाटणं, आणि उदास, निराश वाटणं. अजिबात नाही शून्य, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. पहिला प्रश्न कष्टकरी घरात सपशेल आपटतो. ‘कामात रस कसला, करावंच लागतं.’ यापेक्षा ‘भजनाला जायचात, शेजारी गप्पांना बसायचात, ते आता नको वाटतं का?’ असं विचारलं तर अर्थ पोचतो. ‘उदास’ हा पुस्तकी शब्द; ‘करमत नाही’, ‘जीव लागत नाही’, ‘डोक्यात विचार फिरतात’ हे रोजचे. पुरुष बहुधा मनाचं काही सांगतच नाहीत, झोप येत नाही, डोकं जड, छातीत धडधड एवढं सांगतात. तेवढ्यावरही थांबून पुढे विचारा. छापील सूचना ‘३ पेक्षा जास्त’ गुणांना पुढे पाठवायला सांगते, तर या दोन प्रश्नांच्या चाचणीचा जगभर रूढ निकष ३ किंवा त्याहून जास्त असा आहे. बरोबर ३ आले तर सोडू नका, पाठवा. आणि जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार कुणी बोलून दाखवला तर बेरीज करत बसू नका: माणसाला एकटं सोडायचं नाही, सीएचओंना लगेच फोन करायचा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक तिथेच लावून द्यायचा.

साठीपुढच्यांसाठी तोल, रोजच्या कामात मदत आणि जवळच्यांची नावं विसरणं असे प्रश्न आहेत. ‘वय झालं, एवढं चालायचंच’ हे उत्तर झोपडीतही मिळतं आणि टॉवरमध्येही. इथे विचारण्यापेक्षा पाहणं सोपं: आजींना खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगा.

उणीव सांगायची तर दोन मोठ्या. रक्तक्षयाचा प्रश्नच नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. इतका थकवा इतक्या जणींमध्ये असला की तो थकवा कुणाला वेगळा जाणवतच नाही. उपकेंद्रात बीपी आणि शुगरसोबत हिमोग्लोबिनही करून घ्या, १२ च्या खाली असेल तर नोंदवा. दुसरी उणीव म्हणजे माणसाला स्वतःची तब्येत कशी वाटते हे फॉर्म कुठेच विचारत नाही. जगभरच्या पाहण्यांत हा एकच साधा प्रश्न पुढच्या आयुष्याचा बऱ्यापैकी अंदाज देत आला आहे. सुरुवातीलाच विचारून वरच्या कोपऱ्यात लिहा: खूप चांगली, चांगली, मध्यम, वाईट, खूप वाईट. ‘बरी’ हा पर्याय ठेवू नका, त्यात सगळेच मावतात. मग फॉर्म भरून झाल्यावर तो कोपरा आणि बेरीज शेजारी ठेवून पाहा. ‘खूप चांगली’ आणि ६ गुण, अशी माणसं बोलावूनही येत नाहीत. त्यांच्या घरी दुसरी फेरी लागते.

शहरातल्या सोसायट्यांमध्ये अडचण वेगळी. ‘आमचं फुल बॉडी चेकअप झालंय’ म्हणून दार बंद होतं. त्या महागड्या पॅकेजमध्ये पन्नास-साठ रक्तचाचण्या असतात, पण तोंडात टॉर्च मारून पाहिलेलं नसतं आणि बऱ्याचदा स्तनांची, गर्भाशयमुखाची तपासणीही नसते. रिपोर्ट मागा आणि या तीन गोष्टी त्यात आहेत का तेवढं पाहा. सरकारी तपासणीत बीपी-शुगर वर्षातून एकदा आणि या तिन्ही कर्करोगांची तपासणी पाच वर्षांतून एकदा असते, तीही फुकट. बीपी १४०/९० किंवा वर, किंवा केव्हाही केलेली शुगर १४० किंवा वर आली तर पुढे पाठवतात.

वापरणाऱ्यांसाठी शेवटची सूचना वेळेची. ऊसतोडीची कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, त्यांचे फॉर्म पोळ्याच्या आधी भरा. मजुरीच्या वस्तीत संध्याकाळी सातनंतर जा, आणि बोलावण्याची चिठ्ठी देताना तपासणीचा वार आठवडी बाजाराच्या दिवशी धरता येतो का ते उपकेंद्रात विचारून घ्या. त्या दिवशी मजुरी बुडत नाही आणि बाई तशीही गावात येणारच असते.